शेपटीवाल्या गुणसूत्राचं घराणं

घरी कोणी नवा पाहुणा आला की चहाच्या दुसऱ्या घोटाला विचारतो, "कॉलेजात तुम्ही नेमकं काय करायचात?" मी प्राणिशास्त्र म्हणतो. त्याच्या डोळ्यांपुढे वाघ-सिंह उभे राहतात. मग शोभा, म्हणजे माझी बायको, कणकेचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि सांगते, "शिकवायचे ते थोडं. बाकीचा वेळ अळ्यांची डोकी काढायचे." पाहुणा हसतो. आम्ही दोघं हसत नाही, कारण त्यात अतिशयोक्ती नसते.

उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी शिकवत होतो आणि फळमाशीची गुणसूत्रं हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता. ऐंशीच्या दशकात नाव नोंदवलं, नव्वदचं दशक उजाडलं तरी मी तिथेच. मधल्या काळात दोन मुली झाल्या, मोरिवलीची चाळ सुटून बदलापूरजवळ खरवईला तळमजल्यावर दोन खोल्या झाल्या, डोक्यावरचे केस गेले. माशी राहिली.

आधी माशी कोणती ते सांगतो. पिकल्या केळ्यावर घोंघावतात ती चिलटं वेगळी. त्यांच्यावर जगभर मोठी माणसं काम करतात आणि ती काचेच्या नळीत गुमान राहतात. माझी माशी कारल्याची. घरमाशीएवढी, पण तांबूस-पिवळी, कमरेत बारीक, लांबून गांधीलमाशीचं पोर वाटावी अशी. मादीच्या मागच्या टोकाला सुई असते. कोवळ्या कारल्यात, काकडीत, दोडक्यात ती सुई खुपसून आत अंडी सोडते. बाहेरून दिसतं एक बारीक टिंब. आत अळ्या गर खात वाढतात आणि एक दिवस कारलं पिवळं पडून गळतं. पूर्ण वाढलेली अळी स्वतःचं मागचं टोक तोंडाने धरते, अंग ताणते आणि सोडून देते, की टुणकन उडी. तिला मातीत शिरून कोष करायचा असतो. समोर माती आहे की शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंची मांडी, हे ती बघत नाही. त्या बाईंनी रिक्षा थांबवली, मला उतरवलं आणि रिक्षा पुढे गेली. अळ्यांचा डबा मांडीवर धरून बसलेल्या माणसाबद्दल लोकांचं मत एकदा खराब झालं की खुलासा करता येत नाही.

सुरुवातीला पेरूतली माशीही हवी होती. कॅम्प चारच्या बाजारात गोपीचंद नावाचा सिंधी फळवाला होता. त्याच्याकडे मी सडके पेरू मागितले. त्याने टोपलीवर गोणपाट ओढलं. "साईं, सडा माल हम रखता ही नहीं." मी नगरपालिकेचा माणूस आहे अशी त्याची खात्री झाली होती.

"मी कॉलेजमध्ये शिकवतो," मी म्हणालो.

"तो बच्चा लोग को सडा पेरू खिलाते हो?"

चार-सहा खेपा झाल्यावर तो निवळला. मग माझ्यासाठी पिशवी बाजूला ठेवायला लागला, आणि गिऱ्हाइकाने हात लावला की सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणायचा, "वो प्रोफेसर का माल है, अच्छावाला इधर से लो." शोभा टेलिफोन खात्यात होती. तिच्या ऑफिसातल्या एका बाईंनी हे ऐकलं. पुढे बरेच दिवस शोभाच्या डब्यात त्या बाई न विचारता भाजी वाढायच्या.

नेलपॉलिशचं प्रकरण त्याहून वाईट. पण त्यासाठी धंदा थोडा समजावून द्यावा लागेल.

गुणसूत्रं एरवी दिसत नाहीत. पेशी दुभंगण्याच्या बेतात असते तेव्हाच ती आखडून जाडजूड होतात. वाढत्या अळीच्या मेंदूत अशा पेशी भरपूर. म्हणून अळी मिठाच्या पाण्यात धरायची, दोन बारीक सुयांनी तिचं डोकं ओढायचं, मोहरीच्या टरफलाएवढा मेंदू सोडवून घ्यायचा. तो फुगवायचा, रंगवायचा, काचपट्टीवर ठेवून वर नखाएवढी पातळ काच ठेवायची, तिच्यावर टिपकागद, आणि मग उजव्या अंगठ्याने दाबायचं. सरळ खाली. अंगठा जरा सरकला की मेंदू पुसला गेला. कमी दाबलं तर गुणसूत्रं एकावर एक, जास्त दाबलं तर काच फुटते. एवढ्या शिक्षणाचं सार शेवटी अंगठ्यात येतं. माझे वडील मोरिवलीच्या कारखान्यात पगाराच्या दिवशी कागदावर अंगठा उठवायचे, मी काचेवर. घर बदललं, पगार बदलला, अंगठा मात्र चालू राहिला.

तर ही काच वाळू नये म्हणून तिच्या कडा नेलपॉलिशने बंद करतात. दर आठवड्याला नेलपॉलिश घेणारा टक्कल पडलेला पुरुष ही उल्हासनगरच्या त्या दुकानदाराला नवी गोष्ट होती. त्याने मला एक नवी बाटली दिली. "साईं, अंदर का माल इम्पोर्टेड, सिर्फ बोतल अपनी." रंग गडद लाल. मला बिनरंगी हवी होती, पण घाईत घेतली. आठवडाभराच्या स्लाइड तिने बंद केल्या आणि ते लाल पाणी काचेखाली पाझरून सगळ्या मेंदूंचा गुलाल झाला. तक्रार करायला गेलो तर तो काळजीने म्हणाला, "भाभी को शेड पसंद नहीं आया?"

या सगळ्या उपद्व्यापाचा उपयोग काय, हा प्रश्न मला सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट बाळाराम भोईरने विचारला. बदलापूरला नदीकाठी त्याचा कारल्याचा मांडव. मी गळलेली कारली गोळा करायचो, तो कमरेवर हात ठेवून बघायचा.

"सायेब, या माशीला औशद काय मारू?"

"मी औषधाचा माणूस नाही बाळाराम. मी तिची गुणसूत्रं बघतो."

"ती बगून माशी मरते?"

"नाही."

"मंग बगून काय करताव?"

मी राहिलेली कारली उचलली. पिशवी भरली आणि निघालो. पण तेव्हापासून मला एका जागी बसवेना. वर्गात शिकवताना हे डोक्यात, जेवताना हे. शोभा म्हणायची, "पाय हलवू नका, ताट नाचतंय."

मग उत्तर सापडल्यासारखं झालं. माझे मार्गदर्शक, त्यांना मी नुसतं सर म्हणतो, मुंबईला असायचे. त्यांच्या ओळखीने एका संशोधन केंद्रात माशीचे कोष किरण देऊन आणले होते. किरणांनी गुणसूत्रं तुटतात आणि कधी कधी भलत्या जागी जोडली जातात. त्या नरांची लग्नं साध्या माद्यांशी लावून मी पुढच्या पिढ्या बघत होतो. या माशीत गुणसूत्रांच्या सहा जोड्या. त्यातली एक जोडी मादीत सारखी, नरात विजोड, आणि नराचं ते एकट्याचं गुणसूत्र सगळ्यात बारकं, नुसता ठिपका. बापाकडून ते फक्त मुलग्याला मिळतं. एका सकाळी एका स्लाइडवर त्या ठिपक्याला शेपटी दिसली. दुसऱ्या कुठल्या तरी गुणसूत्राचा तुकडा येऊन त्याला चिकटला होता. त्याच पिंजऱ्यातली दुसरी अळी काढली. शेपटी. तिसरी. शेपटी. मी खुर्चीवरून उठलो, बसलो, पुन्हा उठलो आणि प्रयोगशाळेच्या शिपायाला चहा पाजला.

सरांना फोनवर सांगितलं. त्यांनी आधी किती अळ्यांत दिसली ते विचारलं. मग म्हणाले, "गायकवाड, ही ओळ जपा." ओळ म्हणजे एकच खोड पिढ्यान्‌पिढ्या चालवणारं माशांचं घराणं. शेतात वांझ नर सोडून माशीची पैदास तोडायची ही कल्पना तेव्हा परदेशात मुरली होती. पण त्यासाठी नर-मादी कोषातच वेगळे ओळखता यायला हवेत. नराच्या गुणसूत्राला दुसरा तुकडा जोडलेली ओळ ही त्या वाटेवरची पहिली पायरी. "ओळ जिवंत असेल तर तुमचा प्रबंध आहे," सर म्हणाले, "नाहीतर तुमच्याकडे एका विचित्र माशीचा फोटो आहे."

मी बाळारामला जाऊन सांगितलं की आता बघून उपयोग होणार आहे. तो म्हणाला, "लवकर करा, सायेब. कारली सगली चाललीत."

या ओळीला एक व्यंग होतं. अशा शेपटीवाल्या नराचं लग्न कुठल्याही मादीशी लावा, अर्धी अंडी फुटत नाहीत. गुणसूत्रांची वाटणी चुकते, काहींना तुकडा जास्त जातो, काहींना कमी, ती अंड्यातच संपतात. उरतात ती धडधाकट. म्हणजे हे घराणं सदा अर्ध्यावर. पिंजऱ्यात कधी भरभराट नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजची वीज बंद व्हायची आणि वरच्या मजल्यावरच्या त्या खोलीत माशा भाजून निघाल्या असत्या. म्हणून पिंजरा घरी आणला. खरवईच्या मागच्या खोलीत टेबल, टेबलाचे पाय मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्यांत, टेबलावर मलमलीचा पिंजरा. आत ओला कापूस, साखर, अंडी घालायला लाल भोपळ्याची फोड, आणि शेजारी अळ्यांना कोष करायला वाळूचा ट्रे. आणि या सगळ्याची राखणदार आई.

आईचं आणि माझ्या धंद्याचं पटत नव्हतं. आमच्या घरी रोज सकाळी वंदना होते आणि पंचशीलातलं पहिलंच शील प्राणिहिंसेचं. आई ते मोठ्याने म्हणायची, विशेषतः मी सुया घेऊन बसलेला असलो की. "विहारात काय तोंड दाखवू मी," ती म्हणायची, "सुनेचा नवरा डोकी काढतो." मी तिचा मुलगा होतो, पण अशा वेळी ती मला सुनेचा नवरा करायची. पिंजऱ्यातल्या माशांना मात्र ती जीव लावायची. सुधाकर मारतो, तर आपण खाऊ घालू, असा तिचा हिशोब असावा. घरात साखर कमी पडली की पाहुण्यांचा चहा फिका व्हायचा, माशांची वाटी भरलेली असायची.

तिने या माशांची चौकशी केली तेव्हा मी सांगितलं, "हे गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं. म्हणून मुलगे वाचले पाहिजेत."

ती शोभाकडे बघून म्हणाली, "बघ गं. याच्या माशांना मुलगेच पाहिजेत, आणि मी नातवाचा शब्द काढला की हा पेपर तोंडासमोर धरतो."

अर्धी अंडी फुटत नाहीत हेही मी सांगितलं होतं. ते ऐकून ती माशांची साखरेची वाटी भरायला लागली. आईला आम्ही तिघं भावंडं, आणि आमच्या आगेमागे तीन गेलेली. कोणी पोटातच, कोणी पाळण्यात. वडिलांची आई, आमची आजी, मोरिवलीच्या चाळीत नळावर उभी राहून चार बायांना सांगायची, "हिची कूसच नासकी." मी लहानपणी हे इतक्यांदा ऐकलं की मला ते चाळीच्या आवाजांपैकीच एक वाटायचं. वडील त्यावर हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत, छत्री घेऊन पाळीवर जायचे.

त्या उन्हाळ्यात विद्यापीठाचे पेपर तपासायच्या कॅम्पला मला जावं लागलं. मुक्कामी. जाताना आईला बजावलं, "आतल्या सगळ्यांना भोपळाच दे. दुसरं काही नको."

परत आलो तेव्हा पिंजऱ्यात माशा उडत होत्या, मुंग्या नव्हत्या, वाट्यांत पाणी होतं. मी खूश होऊन मुलींना कुल्फी आणली.

पुढची पिढी आली. सकाळी दाढी करत होतो आणि आई मागच्या खोलीतून म्हणाली, "सुधा, यंदा बघ कशी पोरं झालीत. एक वाया नाही."

माझा हात थांबला. "एक वाया नाही म्हणजे?"

"म्हणजे काय? ट्रे बघ की. वळवळतोय नुसता. मी म्हणतच होते, अन्नाचाच दोष."

मी साबण लावलेल्या तोंडाने मागे गेलो. ट्रेमध्ये वाळूवर अळ्याच अळ्या. गुटगुटीत. एक उडी मारून माझ्या बनियनवर आली. दुसऱ्या कोणाच्याही घरी इतकी भरभराट बघून पेढे वाटले असते. माझ्या पिंजऱ्यात भरभराट म्हणजे काहीतरी बिघडलं होतं.

"आई, यांना काय दिलंस?"

"भोपळाच. तू गेल्यावर एकदा संपला होता, तेव्हा कारली दिली. आपल्या वेलाची."

मागच्या दारी तिने तारेवर कारल्याचा वेल चढवला होता. मोरिवलीत जमीन नव्हती, इथे हातभर मिळाली होती, तिचं तिला फार अप्रूप. ती पुढे म्हणाली, "कारल्याची माशी म्हणतोस, आणि जन्मभर भोपळा खायला घालतोस. तोंडाला चव नको का त्यांच्या?"

मी मागच्या दारी जाऊन वेल पाहिला. प्रत्येक कारल्यावर टिंब. रानातल्या माशीने आधीच आत अंडी घातलेली. भोपळ्याची साल जाड, तो आतून स्वच्छ असतो, म्हणून भोपळा. आईने माझ्या पिंजऱ्यात कारलं नाही, बाहेरचं अख्खं गाव आणून ठेवलं होतं. त्यातून निघालेले रानटी नर आता माझ्या माद्यांशी संसार करत होते, आणि त्यांचं एकही पोर वाया जात नव्हतं. शेपटीवाल्यांची अर्धी जात होती. पिढीगणिक हे बुडत जाणार आणि ते वाढत जाणार. दोन-तीन पिढ्यांत, म्हणजे पावसाळा सरायच्या आत, ओळ संपणार.

मी आईवर ओरडलो नाही. साबण वाळून तोंडाची कातडी ओढत होती, त्यामुळे ओरडताच आलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. "काही चुकलं का रे?"

शोभा म्हणाली, "अहो, तोंड धुवा आधी. मग सांगा, किती वाईट आहे."

"ओळ यांच्यातच आहे," मी म्हणालो, "पण कोणता नर कोणाचा, ते कळायचं नाही. दिसायला सगळे सारखे."

मग जे सुरू झालं त्याला घरात आजही 'बरण्यांचा उन्हाळा' म्हणतात. कोष वेगळे करून ठेवले. माशी बाहेर आली की एका नराला एक मादी द्यायची आणि स्वतंत्र बरणीत संसार थाटून द्यायचा. तोंडाला मलमल, आत भोपळ्याची फोड. अंडी घातली की ती काळ्या ओल्या कापडावर काढून ठेवायची आणि बघायचं किती फुटतात. सगळी फुटली तर तो रानटी. अर्धी राहिली तर तो आमचा. घरातल्या लोणच्याच्या बरण्या गेल्या, मग शेजारच्या पाटीलबाईंच्या. त्या देताना म्हणाल्या, "परत देऊ नका, तुमच्याकडेच राहू दे." काळं कापड पुरेना, तेव्हा आईनेच ट्रंकेतून वडिलांची जुनी छत्री काढली. काड्या मोडल्या होत्या, कापड चांगलं होतं. "घे," ती म्हणाली, "ते असते तर दिली नसती. नाहीत तर घे." मी कात्री चालवली.

मला झोप लागेना, जेवण जाईना. बरण्यांपुढून मी येरझाऱ्या घालायचो. एखाद्या बरणीतली मादी भोपळ्यावर बसायची आणि अंडी न घालता उडून जायची, मला तिला धरून बसवावंसं वाटायचं. सरांना मी अजून काही कळवलं नव्हतं. बाळाराम बाजारात भेटला, मी रस्ता बदलला. शोभा मात्र शांत होती. ऑफिसला जाताना ती बरण्यांकडे बघून म्हणायची, "आज कोणाकडे पाळणा हललाय?"

रोज नव्या कापडावर बघायचो. सगळी फुटलेली. पुढच्यावर सगळी फुटलेली. आईला हा सगळा उलटा कारभार पटत नव्हता. "ज्यांचं नीट चाललंय त्यांना बाहेर काढायचं," ती म्हणाली, "आणि ज्यांची पोरं मरतात त्यांना शोधत बसायचं. कसलं शास्त्र हे?"

"नीट चाललेल्यांचं काय करू? मारावं लागेल."

"मारू नको. सोडून दे."

"सोडतो. मागच्या दारी तुझा वेल आहे, तिथेच बसतील."

ती विचारात पडली. पहिलं शील एका बाजूला आणि कारली दुसऱ्या बाजूला. शेवटी म्हणाली, "तू काय करायचं ते कर, मी आत जाते," आणि आत जाऊन नेहमीपेक्षा वरच्या सुरात वंदना म्हणायला लागली. मी त्या बरण्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. त्या दिवसापासून शोभाने फ्रिजमधलं पाणी पिणं सोडलं.

बरण्या संपत आल्या. खिडकीतल्या कोपऱ्यात मुरंब्याची एक बरणी राहिली होती, तिच्यातल्या मादीने अंडी उशिरा घातली. सकाळी ऊन आलं तेव्हा मी ते छत्रीचं कापड खिडकीत नेलं आणि भिंग लावलं. निम्म्या जागी रिकामी टरफलं, बारीक अळ्या कापडाच्या धाग्यांत शिरत होत्या. निम्मी अंडी तशीच. पांढरी, गप्प, कडेने तपकिरी पडायला लागलेली.

मी शोभाला हाक मारली. मी बहुधा हातवारे केले, कदाचित नाचलोसुद्धा. मुली पळत आल्या. शोभा म्हणाली, "मिळाला?" मी म्हणालो, "मिळाला. अर्धी मेलीत. बरोब्बर अर्धी."

आई दारात उभी होती. "अर्धी मेली," ती म्हणाली, "आणि तू नाचतोस."

मी थांबलो.

पुढचं इथेच उरकून टाकतो. त्या एका नरापासून ओळ पुन्हा उभी राहिली. सरांनी ती बघितली, बाहेरचे परीक्षक आले, त्यांनी बघितली, प्रबंध झाला. मग पैसे संपले. सर निवृत्त झाले, पुढचे विषय निघाले, आणि कोषातच नर-मादी वेगळे ओळखण्याची पुढची पायरी आमच्याकडे कधी आली नाही. ओळ मी आणखी काही पिढ्या सांभाळली, कशासाठी ते माहीत नसताना. एका सुट्टीत ती गेली. बाळाराम अजूनही कोवळ्या कारल्यांना कागद गुंडाळतो. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी अर्धंच दिलं, हे मला बोचतं. अलीकडे भेटला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "काय सायेब, बगताव का अजून?"

पण त्या बरणीची गोष्ट अजून पुरी सांगितलेली नाही.

अंडी अर्धी राहिली म्हणून भागत नाही, काचेखाली शेपटी दिसली पाहिजे. कॉलेजचा जुना मायक्रोस्कोप सुट्टीपुरता परवानगी काढून घरी आणला होता. त्या बरणीतल्या अळ्या पुरेशा मोठ्या झाल्या तेव्हा मी खिडकीशी बसलो. पहिली मादी निघाली. दुसरीवर माझा अंगठा सरकला, मेंदू पुसला गेला. तिसरी नीट बसली. आरसा फिरवून उजेड घेतला. सहा जोड्या, जांभळ्या, एकमेकांपासून सुटलेल्या. आणि कडेच्या विजोड जोडीत तो ठिपका, शेपटीसकट.

मी मान वर केली तर आई शेजारी. अळीचं डोकं काढताना ती कधी त्या खोलीत थांबायची नाही. त्या दिवशी थांबली होती.

"मला दिसेल का?"

मी स्टूल दिलं. तिने आधी भलताच डोळा मिटला, मग दोन्ही मिटले, मग पदराने चष्मा पुसला आणि तो काढूनच ठेवला. मी चाक फिरवून नजर जुळवून दिली. ती बराच वेळ बघत राहिली.

"ही लाकडं टाकल्यासारखी?"

"तीच. आता कडेला बघ. सगळ्यात बारकं. त्याला शेपटी आहे."

"आहे." मग थोड्या वेळाने, "एवढंसं?"

"एवढंसंच."

"याच्यामुळे अर्धी जातात?"

"हो."

"आणि हे येतं कुठून म्हणालास?"

"बापाकडून."

तिने डोळा काढला नाही. "मग त्या माशीचा काय दोष? बाईमाशीचा?"

"काहीच नाही. ती धडधाकट असते. दुसऱ्या नराबरोबर तिची सगळी अंडी फुटली असती."

मला एकदम चाळीचा नळ आठवला आणि मी घाईघाईने बोलायला लागलो. "आई, हे माशांचं आहे. किरण देऊन मुद्दाम केलेलं. माणसात असं नसतं. माणसात कारणं शंभर असतात, कधी आईकडून, कधी बापाकडून, कधी कोणाकडूनच नाही. बघितल्याशिवाय काही सांगता येत नाही."

"मी माशांचंच विचारतेय," आई म्हणाली.

मग ती उठली, चष्मा लावला, आणि काळ्या कापडाचे वाळलेले तुकडे गोळा करून धुवायला घेऊन गेली. मी सरांना फोन करायला पाटीलबाईंकडे गेलो. परत आलो तेव्हा बाहेरच्या खोलीत ती स्टुलावर चढली होती. वडिलांच्या फोटोची काच पुसत होती. फोटोवर धूळ नव्हती, सकाळीच पुसला होता. तरी ती पुसत होती, जरा जोरात, अंगठा काचेवर दाबून.